सात तारखेची तूट

महिन्याची सात तारीख होती, म्हणून वेल्डरच्या घरात सकाळपासून सगळे एकमेकांशी गोड बोलत होते. पगाराचा दिवस. वेल्डरने मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा तारेने जोडून दिला आणि तिला टोचू नयेत म्हणून तारेची टोकं आत वळवली. म्हाताऱ्या आईने सुनेला आपणहून सांगितलं, "चहा घे गं आधी, मग पळ." सुनेने चहा उभ्यानेच घेतला, तोही तोंडाच्या एका बाजूने. दुसऱ्या बाजूचा जबडा गेल्या सात तारखेपासून दुखत होता.

ती एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसाला सत्तर-ऐंशी शर्ट. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. गल्लीत तिला सगळे इस्त्रीवालीच म्हणत. तो गावाबाहेरच्या कारखान्यात लोखंडी दारं-खिडक्या जोडायचा. हात इतका साफ की जोड कुठे आहे ते बोटाने चाचपूनही कळू नये. दारूच्या थेंबाला तो शिवत नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की नवरा दारुडा असेल, उडाणटप्पू असेल, आपल्यासारख्यांच्या घरी असलं काही होत नाही. तो अगदी आपल्यासारखाच होता.

पगार बँकेत जमा व्हायचा. खातं नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं आणि कार्ड तिच्याकडे असायचं, कारण तो सकाळी सातला जायचा आणि रात्री आठला यायचा. लॉन्ड्रीतून परतताना तिने यंत्रातून पैसे काढायचे आणि सासूच्या हातावर ठेवायचे, असा शिरस्ता. "आमच्या घरात पैसा बाईच्या हातात असतो," असं वेल्डर कारखान्यात छाती फुगवून सांगायचा. ऐकायला बरं वाटतं. पण पैसा बाईच्या हातात याचा अर्थ त्या घरात एवढाच होता, की पैसा कमी पडला तर चोर शोधायला लांब जावं लागत नाही.

त्या संध्याकाळी यंत्राने तिला बारा हजार शंभर दिले. पगार सतरा हजार. त्यातून मोटरसायकलच्या कर्जाचा हप्ता बत्तीसशे. तेरा हजार आठशे यायला हवे होते. तिने कार्ड पुन्हा आत घातलं. यंत्राने सांगितलं, शिल्लक सत्तर. तिने पावती मागितली तर यंत्रातला कागद संपलेला. मागे रांगेत उभा असलेला माणूस खाकरला, तशी ती बाजूला झाली. घराकडे चालताना तिने तीनदा नोटा मोजल्या. मोजल्याने त्या वाढल्या नाहीत.

वेल्डरने जेवण्याआधीच पैसे मोजले.

"सतराशे कमी."

"मशीननं एवढेच दिले हो. खरंच सांगते. मी दोनदा कार्ड घालून बघितलं."

"दर महिन्याला मशीनच खोटं बोलतं का?"

"मी कशाला घेऊ? मला लागतातच कशाला?"

"तुला नाही लागत," तो म्हणाला. "मशीनला भाऊ नसतो. तुला आहे."

तिच्या दादाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. ते त्याने ज्या महिन्यात टाकलं, त्याच महिन्यापासून वेल्डरच्या घरात पैसे कमी पडायला लागले होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि फांदीचा सगळा दोष कावळ्यावर आला.

"उठ. झडती," तो म्हणाला.

या घरात ही रीत होती. पैसे कमी पडले की घरच्या बाईने खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि तिच्या सगळ्या वस्तू तिच्यासमोर जमिनीवर ओतायच्या. ट्रंक, कपड्यांच्या घड्या, पिठामिठाचे डबे, गादीची शिवण, शेवटी अंगावरचे कपडे. सासरा जिवंत असताना म्हातारी स्वतः अशीच मधोमध उभी राहायची. तेव्हा ती चळचळा कापायची, असं शेजारच्या जुन्या बायका सांगतात. आता ती खाटेवर बसून मुलाला सांगत होती, "पिठाच्या डब्याच्या तळाशी बघ. मी तिथंच ठेवायची."

डबा उपडा झाला. पिठाखेरीज त्यात काही नव्हतं. मग हात सुरू झाला. पहिली थप्पड, मग दुसरी, मग केस धरून डोकं खिडकीच्या चौकटीवर. चौकट त्यानेच जोडलेली होती. ती हलली नाही. तिच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. अकरा वर्षांची मुलगी न्हाणीघरात गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. दर महिन्याला या वेळी ती नळ सोडायची. पाण्याच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं.

त्याने खात्री करून घेतली नव्हती असंही नाही. तुटीच्या नवव्या महिन्यात तो तिला पैसे काढू न देता, एक दिवसाची मजुरी बुडवून आठ तारखेला स्वतः यंत्रापाशी गेला. तिथेही सोळाशे-सतराशे कमीच. "काल संध्याकाळीच जाऊन आलीस ना?" असं म्हणून त्याने तिला आणखी मारलं. एकदा तिने भीत भीत सुचवलं, की बँकेतून पासबुक भरून आणते, त्यात कळेल. पासबुक म्हातारीच्या ट्रंकेत, कुलपात. म्हातारी म्हणाली, "ते बाहेर काढायचं नाही. हरवलं तर खातंच बुडेल." त्या पासबुकात खातं उघडल्याच्या दिवसाची एकच ओळ होती. घरातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणून तो जपला होता आणि इतका जपला होता, की त्यात काही लिहूच दिलं नव्हतं.

आता वाचकांना अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. चोर कोण ते सांगून टाकू.

मोटरसायकलचा हप्ता ठरला तेव्हा कारखान्यात पगार एक तारखेला होत असे, म्हणून हप्त्याची तारीख पाच. पुढे मालकाने पगार सात तारखेवर नेला. बँकेला कुणी कळवलं नाही आणि बँकेने विचारलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा संगणक खात्यात हप्ता शोधायचा, तो मिळायचा नाही, म्हणून दंड पाचशे नव्वद. सहा तारखेला पुन्हा शोधायचा, पुन्हा पाचशे नव्वद. वर हप्ता उशिरा आल्याचे साडेचारशे. सात तारखेला पगार खात्यात पडला रे पडला, की हे सोळाशे तीस आधी जायचे. पैसे नाहीत म्हणून दंड, आणि दंड भरला म्हणून पैसे नाहीत. ज्याच्याकडे रग्गड आहे त्याच्याकडून बँक असलं काही घेत नाही. हा कर फक्त रिकाम्या खिशावर आहे.

बँक त्याचे संदेश पाठवत होती, अगदी इमानदारीने. पण कारखान्याने बारा कामगारांची खाती एकाच दिवशी उघडली होती आणि बाराही अर्जांवर घाईघाईत मुकादमाचाच फोन नंबर लिहिला होता. बारा घरांचे संदेश मुकादमाच्या खिशात पडत होते. त्याने त्यांचा आवाज बंद करून ठेवला होता. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि मार मात्र तिला पडत होता.

पंधरावी सात तारीख आली. त्या दिवशी घरभाड्यालाही पैसे पुरणार नव्हते. वेल्डरने या वेळी झडती घेतली नाही. घरी रविवारच्या जादा कामासाठी तिची एक जुनी इस्त्री होती. ती त्याने लावली आणि शांतपणे तापायची वाट बघत बसला. ती शांतता पाहूनच ती दाराकडे धावली. त्याने तिला मनगटाला धरून ओढलं.

"दादाला दिले म्हण. सोडतो."

"नाही दिले हो. मुलीची शपथ."

"म्हण."

त्याने तिचा तळहात इस्त्रीवर दाबला. खाटेवरून म्हातारी पहिल्यांदाच ओरडली, "अरे सोड, मरेल ती!" त्याने सोडलं नाही. न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता.

"दिले!" ती किंचाळली. "दादाला दिले! सगळे दिले! सोडा!"

त्याने लगेच सोडलं. हाताला तूपही आणून लावलं. पंधरा महिने ज्याची वाट पाहिली होती ते उत्तर मिळालं होतं, आणि तो मनात कसलीही शंका न ठेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दादा दुकानासमोर बसून एका शाळकरी मुलीच्या सायकलचं पंक्चर शोधत होता. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरून बुडबुड्यांची वाट बघत होता. भावोजी येताना दिसले तसा तो हसला.

"या दाजी. बसा. आज सुट्टी वाटतं?"

"पैसे काढ."

"कसले पैसे?"

"चोवीस हजार. तुझी बहीण कबूल झालीय काल."

दादा उठून उभा राहिला. पैशाबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याने विचारलं, "तिला मारलंत तुम्ही? कबूल कशी झाली ती? काय केलंत तिला?" आणि एक पाऊल पुढे आला.

वेल्डरच्या हातात कारखान्यातला गज होता. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. दादा घमेल्यावर कोसळला, पाणी लाल झालं. सायकलवाली मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिसऱ्या घावाची काहीच गरज नव्हती. तरी तो बसला.

मग वेल्डरने दुकानाची झडती घेतली. गल्ल्यात तीनशे चाळीस सापडले आणि एक औषधाची चिठ्ठी. त्याने टायर उलटे केले, खोकी फोडली, पत्र्यामागे हात घातला. पोलीस आले तेव्हा तो खाली बसून स्क्रूच्या डब्यात पैसे शोधत होता.

दादाला पोचवून आल्यावर वहिनीने तिला आत बोलावलं. वहिनी रडत नव्हती. तिने दार लावून घेतलं आणि विचारलं, "एवढंच सांगा वन्सं. यांनी तुमच्याकडून पैसे घेतले होते का? मला न सांगता?"

"नाही वहिनी. एकही नाही."

"मग तुम्ही तसं म्हणालात का?"

तिने बांधलेला हात पुढे केला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "सगळी गल्ली म्हणतेय, बहिणीचं खाऊन दुकान टाकलं होतं. तुमच्या नवऱ्याचा वकीलही कोर्टात हेच म्हणणार आहे. माणूस तर गेलाच. आता त्याच्या माघारी त्याला चोर म्हणायचं आणि ते मी ऐकायचं."

दादाला मारलं नवऱ्याने, पण दादाचं नाव तिच्याच तोंडून निघालं होतं, आणि ते परत तोंडात घालता येत नव्हतं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचलं नाही. जगायचं होतं, मुलगी वाढवायची होती, म्हातारी पोसायची होती, पण त्या सगळ्याच्या वर एक काम होतं: दादाने पैसे घेतले नव्हते हे कुणाच्या तरी सहीशिक्क्याने सिद्ध करायचं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. भाजलेल्या हाताने शर्ट होईनात, लॉन्ड्रीतली रोजंदारी निम्मी झाली. वसुलीची दोन माणसं आली, मोटरसायकल उचलून घेऊन गेली, आणि आडवी आली म्हणून म्हातारीला त्यांनी दारात ढकलून दिलं. म्हातारी पडली ती अंथरुणालाच खिळली. अशात मुकादमाने निरोप दिला, की वेल्डरचा शेवटच्या नऊ दिवसांचा पगार मालकाने खात्यात भरलाय, पाच हजार शंभर. तिने म्हातारीच्या उशाखालची किल्ली मागितली. या वेळी म्हातारीने ती मुकाट्याने दिली. पासबुक घेऊन ती बँकेत गेली.

काउंटरवर चष्मा लावलेली एक बाई होती. तिने खातं उघडून पाहिलं.

"यात काही नाही. उलट तुमच्याकडूनच येणं आहे."

"पाच हजार शंभर भरलेत हो. दोन दिवस झाले."

"ते दंडात गेले."

"कसला दंड?"

बाईने वर पाहिलं. समोरचा पट्टी बांधलेला हात, पडलेला दात. तिने पासबुक यंत्रात घातलं. यंत्र कर्रकर्र करत छापू लागलं. एक पान भरलं, दुसरं भरलं, चौथंही भरलं. मग बाईने पेन घेऊन एकेक ओळ दाखवली. "ही पाच तारीख. ही सहा. ही सात. पुढच्या महिन्यात बघा, परत पाच, सहा, सात. पैसे वेळेवर नव्हते म्हणून बँकेनं कापलेत."

"हे कुणी काढलेले नाहीत? कार्डानं?"

"नाही. बँकेनंच घेतलेत."

तिने काउंटरची कड घट्ट धरली. रांगेतले लोक कुरकुरू लागले. तिने एकच प्रश्न चारदा विचारला, आणि बाईने चारही वेळा न चिडता तेच उत्तर दिलं. मग ती बाई पुढे वाकली, आवाज खाली आणला. "अर्ज करा. घरात मृत्यू, आजारपण, कमावतं माणूस गेलं, अशा हालाखीत दंड परत मागता येतो. आमच्याच नियमात आहे. साहेब आपणहून सांगणार नाहीत. आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय हलू नका इथून."

बँकेतून ती घरी गेली नाही, थेट कारखान्यात गेली. मुकादमाला तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बँकेत नंबर कुणाचा दिलाय?"

मुकादम वाईट माणूस नव्हता, नुसता आळशी होता. "माझा. का?"

"मेसेज काढा."

"अगं, बँकेचे मेसेज कोण वाचतं? कर्ज घ्या, कर्ज घ्या, एवढंच असतं."

"काढा म्हणते ना!"

त्याने काढले. सोळा महिन्यांचे होते, संपता संपेनात. हजेरीवही उघडून तो खात्याचे शेवटचे आकडे जुळवू लागला आणि मोठ्याने वाचू लागला. "हे तुमचं. पाच तारीख, पाचशे नव्वद. हे रंगाऱ्याचं. पाच तारीख, पाचशे नव्वद. हे कटरवाल्याचं. सहा तारीख..." हळूहळू त्याचा आवाज बसत गेला. यंत्रं एकेक बंद झाली. अकरा माणसं भोवती जमली, कुणाचे चष्मे कपाळावर, कुणाच्या हातात मोजे. अकराही घरांत तशीच कर्जावरची मोटरसायकल, तोच हप्ता, तीच तूट. सात तारखेला मार खाऊन आठ तारखेला तोंड झाकून पाणी भरणाऱ्या बारा बायका एकाच गल्लीत राहत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त माझ्याच घरी होतं.

कटरवाला पत्र्यांच्या ढिगावर बसला. "माझ्या बायकोला एका कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं.

शाखेचे साहेब मितभाषी होते. त्यांनी अर्ज वाचला, पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा बघू म्हणाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "बारा हजार देतो. सद्भावना म्हणून. इथं सही करा."

ती सातवीपर्यंत शिकली होती. हळू वाचायची, पण वाचायची. कागदावर लिहिलं होतं, की दंड नियमाप्रमाणेच होता, बँकेची चूक नाही, आणि खातेदाराची कसलीही तक्रार उरलेली नाही.

घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती. मुलगी शाळेतून उपाशी येत होती. बारा हजार म्हणजे चार महिन्यांचं भाडं. तिचा हात पेनाकडे गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

"यात पैसे कुणी घेतले ते लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"त्याची काय गरज? पैसे मिळाल्याशी कारण."

"मला कागदाशी कारण आहे. तारीखवार लिहून द्या. हे पैसे बँकेनं कापले, खातेदारानं काढले नाहीत, असं साध्या भाषेत. मग पैसे द्या, पूर्ण."

"बाई, संगणक आपोआप कापतो. यात माणसाचा हात नसतो."

"संगणकाला कापायला शिकवलं कुणी?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "विचार करा. घरी चालत आलेले पैसे लाथाडताय."

"लाथाडतेय," ती म्हणाली आणि सही न करता उठली. रस्त्यावर आल्यावर तिला भोवळ आली. एका पायरीवर बसून ती बराच वेळ रडली, कारण ती शूर वगैरे नव्हती, तिला भूक लागली होती.

सोमवारी ती परत आली, तेव्हा तिच्यामागे अकरा बायका होत्या. प्रत्येकीच्या हातात पासबुक. एकीचा हात प्लास्टरमध्ये. एक मान वळवून डावा कान पुढे करत होती. साहेब दारात आले. "हा काय तमाशा? तुमची घरगुती भांडणं आहेत, बँकेचा काय संबंध?"

"भांडणं आमची," इस्त्रीवाली म्हणाली. "पैसे कुणी घेतले तेवढं सांगा."

रांगेतल्या माणसांनी आपापली पासबुकं उघडायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. चष्मेवाल्या बाईने मान वर न करता बारा अर्जांवर बारा पोच शिक्के मारले. एक प्रत बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात गेली. सव्वीस दिवसांनी वेल्डरच्या खात्यात एकोणतीस हजार साडेपाचशे जमा झाले, आणि सोबत पत्र आलं: सोबतच्या तक्त्यातील सर्व रकमा बँकेने दंडापोटी वळत्या केल्या असून खातेदारांपैकी कोणीही त्या काढलेल्या नाहीत. खाली सही, शिक्का. बाकीच्या अकराजणींपैकी सातजणींचे पैसे आले. चौघींचे अर्ज अजून फिरताहेत.

तिने पत्राच्या तीन प्रती काढल्या. पहिली वहिनीला नेऊन दिली. वहिनीने ती दुकानाच्या फळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी चिकटवली आणि तिथेच नणंदेच्या गळ्यात पडून पहिल्यांदा रडली. दुसरी सरकारी वकिलाकडे गेली. तिसरी घेऊन ती तुरुंगात गेली.

जाळीपलीकडे वेल्डर बसला होता. वाळला होता. तिने पत्र जाळीला लावून धरलं. तो ओठ हलवत वाचत गेला आणि शेवटच्या ओळीपाशी परत परत अडखळला. मग त्याने जाळीला डोकं टेकलं. खूप वेळाने त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या डोळ्यांत आशा होती.

"हा कागद माझ्या वकिलाला दे. आजच दे. माझी फसवणूक झाली हे यात सिद्ध होतं. बँकेनं केलं हे सगळं. बँकेनं माझं घर मोडलं."

तिने कागदाची घडी केली. "बँकेनं पैसे घेतले. ते मी परत आणले. माझा हात इस्त्रीवर बँकेनं नाही धरला."

"मला काय माहीत होतं? तू नीट सांगायचं होतंस..."

"पंधरा वेळा सांगितलं. दर सात तारखेला सांगितलं. तुला मशीनचं खरं वाटलं, माझं नाही." तिचा आवाज चढला नाही. "मी साक्ष देणार आहे. दादा का मेला ते सांगणार आहे, आणि मी खोटं का बोलले तेही."

"पोरीचा बाप आहे मी."

"पैसे परत मागायला बँकेत एक खिडकी होती. मी चार महिने तिथं उभी राहिले. आता दादाला परत मागायला कुठल्या खिडकीशी उभी राहू, ते सांग. तुला माहीत असेल तर सांग, मी जाते."

शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. ती उठली, पत्र पिशवीत ठेवलं आणि चालू लागली, कारण चार वाजता बँक बंद होत होती आणि अर्ज अडकलेल्या चौघीजणी तिची वाट बघत बँकेच्या दारात थांबल्या होत्या.